चुकलेली तोफ

तीस किलो वजनाचं पोर. डोळ्याची पापणी लवायच्या आत त्याच्या अंगावर पावणेसातशे टनांचा भार पडला, तर त्याचं काय होईल?

ऑलिम्पियाडच्या कुठल्याही वर्कबुकात मला हा प्रश्न सापडला नाही. तो दडलाय एका गोष्टीत. ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकानं १८६५ साली ती लिहिली. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यामुळे रिकामे झालेले तोफवाले फ्लोरिडाच्या जमिनीत ९०० फूट खोल तोफ ओततात. अ‍ॅल्युमिनियमचा पोकळ गोळा करतात, त्यात तीन माणसं आणि दोन कुत्रे बसवतात आणि तो चंद्राकडे डागतात. वेग सेकंदाला सुमारे ११ किलोमीटर. पृथ्वीच्या ओढीतून सुटायला जवळपास एवढाच वेग लागतो. म्हणजे इथवर व्हर्नचा हिशेब पक्का आहे.

पुढचा हिशेब कागदावर करून बघा. ९०० फूट म्हणजे २७४ मीटर. तेवढ्या अंतरात शून्यावरून ११ किलोमीटरचा वेग गाठायचा, तर हातात वेळ किती? सेकंदाचा विसावा भाग. नववीच्या पुस्तकातलं गतीचं तिसरं समीकरण मांडलं, तर आतल्या माणसाला बसणारा रेटा गुरुत्वाच्या बावीस हजार पटींहून जास्त निघतो. व्हर्ननं त्यावर तोड म्हणून गोळ्याच्या तळाशी पाणी भरलं, लाकडी फळ्या घातल्या. बावीस हजार पटींपुढे पाण्याचा थर काय करणार? गोळा सुटण्याआधीच तिघांची चटणी झाली असती.

हा हिशेब ट्रान्सिल्व्हेनियातल्या एका मुलानं केला होता. त्याचं नाव हरमान ओबर्थ, जन्म १८९४चा. अकराएक वर्षांचा असताना हे पुस्तक त्याच्या हातात पडलं आणि पाठ होईपर्यंत त्यानं ते वाचलं. मग आकडे तपासायला घेतले. वेग बरोबर आला. तोफ चुकली. तोफेनं माणूस जिवंत जात नाही, तर मग कशानं जाईल? एकदम दणका नको. हळूहळू, बराच वेळ रेटा देत राहणारं काहीतरी हवं. ते काहीतरी म्हणजे रॉकेट. त्यानं मोठेपणी या विषयावर लिहिलेला प्रबंध विद्यापीठानं १९२२ साली नाकारला. १९२३ साली त्यानं तोच मजकूर शंभरेक पानांच्या पुस्तकात छापला. पुढं तो शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवत राहिला. १९६९च्या जुलैमध्ये अपोलो ११ सुटताना पाहायला पंच्याहत्तर वर्षांचा ओबर्थ फ्लोरिडात हजर होता.

व्हर्नची तोफ बरोबर असती, तर या मुलाला करायला काही उरलं नसतं. या आठवड्यात मला एवढंच म्हणायचं आहे आणि ज्यांना म्हणायचं आहे, त्यांनी ते मनाला लावून घ्यावं अशी माझी इच्छा आहे.

पहिले, मुलांसाठी ‘विज्ञानकथा’ लिहिणारे. तुमच्या गोष्टी मी वाचते. सुट्टीत मुलं गावी जातात. तिथे एक मामा असतो, तो शास्त्रज्ञ असतो. रात्री गच्चीवर सतरंजी अंथरली जाते. मामा म्हणतो, “मुलांनो, चंद्र हा पृथ्वीचा नैसर्गिक उपग्रह आहे.” मुलं म्हणतात, “हो का मामा? आणखी सांगा ना!” मामा आणखी सांगतो. पाच पानं सांगतो. कुणाला भूक लागत नाही, कुणी रुसत नाही, कुणी पायरी चुकून पडत नाही, आणि मामा एकदाही म्हणत नाही की हे मला ठाऊक नाही. शेवटी चौकटीत बोध. ही गोष्ट झाली का? हा गणवेश काढून घरचे कपडे घातलेला धडा आहे. मुलं तो वासावरून ओळखतात आणि पुस्तक मिटतात. मग तुम्हीच व्यासपीठावरून म्हणता, हल्लीची मुलं वाचत नाहीत.

साहसकथेत जीव टांगणीला लागावा लागतो. हवा संपत आली पाहिजे. हिशेब चुकला तर माणूस मरणार, अशी वेळ आली पाहिजे. तेव्हाच मुलाला तो हिशेब आपला वाटतो. व्हर्नच्या गोळ्यात हवा पुरवायची, तर प्राणवायू कशातून काढायचा आणि सोडलेला कर्बवायू कशात शोषून घ्यायचा, याचीही पानं आहेत. वाचताना ती रसायनशास्त्राची वाटत नाहीत, कारण श्वास त्या तिघांचा कोंडणार असतो.

दुसरे, पालक. गेल्या महिन्यातल्या एका पुस्तक प्रदर्शनातला प्रसंग आहे. आठ-नऊ वर्षांचा मुलगा अंतराळयान चोरून पळणाऱ्या मुलांचं पुस्तक छातीशी धरून उभा होता. वडिलांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, “ह्यात माहिती कुठाय?” पुस्तक फळीवर परत गेलं आणि मुलाच्या हातात एक हजार प्रश्नोत्तरांचं जाड बाड आलं. वडील वाईट नव्हते. पदरमोड करून पुस्तक घेत होते, तेही दुप्पट किमतीचं. पण त्या बाडात प्रत्येक प्रश्नाखाली उत्तर छापलेलं होतं. ज्या प्रश्नाचं उत्तर त्याच पानावर आहे, त्या प्रश्नामागे मूल कशाला धावेल?

मी त्यांना काही बोलले नाही. बोलायला हवं होतं. म्हणून इथे बोलते आहे. माहिती मोबाइलवर फुकट मिळते हो. तिची तहान मिळत नाही. ती त्या परत ठेवलेल्या पुस्तकात होती.

आता कुणी म्हणेल, एका ओबर्थवरून केवढं बोलता. एकटा ओबर्थ नाही. रशियातले कॉन्स्टान्टिन त्सिओल्कोव्हस्की लहानपणी आजारपणात बहिरे झाले, शाळा सुटली, मॉस्कोच्या वाचनालयात बसून स्वतःच शिकले आणि पुढं कालुगात शाळामास्तर झाले. आज प्रत्येक रॉकेट ज्या समीकरणावर उडतं, ते त्यांनी १९०३ साली प्रसिद्ध केलं. अंतराळाचं पहिलं बीज व्हर्नच्या कादंबऱ्यांनी पेरलं, असं ते मोकळेपणी सांगत. अमेरिकेतला रॉबर्ट गॉडर्ड सोळाव्या वर्षी एच. जी. वेल्सची मंगळवासीयांच्या स्वारीची कादंबरी वाचून झपाटला. १९ ऑक्टोबर १८९९ला, सतराव्या वर्षी, घरामागच्या चेरीच्या झाडावर फांद्या छाटायला चढला असताना त्याच्या मनात आलं की मंगळापर्यंत जाणारं यंत्र करता आलं तर? ती तारीख तो आयुष्यभर आपला खास दिवस म्हणून पाळत राहिला. १६ मार्च १९२६ला मॅसॅच्युसेट्समधल्या ऑबर्नला एका शेतात त्यानं द्रवइंधनाचं पहिलं रॉकेट उडवलं. ते अडीच सेकंद उडालं, ४१ फूट वर गेलं आणि कोबीच्या वाफ्यात पडलं.

तीन देश, तीन भाषा. तिघंही एकमेकांना न ओळखता एकाच गोष्टीमागे लागले, आणि तिघांच्याही मुळाशी कादंबरी आहे, पाठ्यपुस्तक नाही.

पाठ्यपुस्तक पक्कं पाठ असलेल्यांनी काय केलं, तेही ऐका. १३ जानेवारी १९२०ला न्यूयॉर्क टाइम्सनं संपादकीय पानावरून गॉडर्डची खिल्ली उडवली. मुद्दा असा, की निर्वात पोकळीत रॉकेट चालणार नाही, कारण रेटायला तिथे हवाच नाही आणि एवढी साधी गोष्ट या प्राध्यापकाला कळत नाही. प्रत्यक्षात रॉकेटला बाहेरच्या हवेचा टेकू लागतच नाही. मागे फेकलेला वायूच त्याला पुढं ढकलतो. होडीत उभं राहून जड गोणी मागे फेकली, की होडी पुढं सरकते, तसंच. आणि गंमत बघा, हे व्हर्ननं पन्नास वर्षं आधीच लिहून ठेवलं होतं. चंद्रकथेच्या दुसऱ्या भागात त्याचे प्रवासी गोळ्याला बसवलेली रॉकेटं पोकळीतच पेटवतात. ज्या मुलांनी ती कादंबरी वाचली होती, त्यांना ते ठाऊक होतं. संपादकांना नव्हतं. त्या वृत्तपत्रानं चूक कबूल केली १७ जुलै १९६९ला, अपोलो ११ सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी. गॉडर्डला जाऊन तोवर चोवीस वर्षं होत आली होती.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवणार नाही. ओबर्थचं ते पुस्तक वेर्नर फॉन ब्राउन या जर्मन मुलानं वाचलं. समीकरणं कळेनात, म्हणून त्यानं गणिताची कास धरली. पुढं चंद्रावर माणूस नेणारं सॅटर्न रॉकेट त्याच्या हाताखाली झालं. पण त्याआधी त्याच माणसानं हिटलरसाठी व्ही-२ क्षेपणास्त्र बनवलं. ते छळछावणीतल्या कैद्यांना राबवून घडवलं गेलं, लंडन आणि अँटवर्पच्या घरांवर पडलं. गोष्ट मुलाच्या पायांत बळ देते. पाय कुठं वळवायचे ते तिच्या हातात नसतं. ते घरच्यांनी बघायचं, आणि गोष्टीवर हे ओझं लादायचं नाही.

आपल्याकडे, मराठीत, हे ज्याला पुरतं कळलं होतं, तो माणूस म्हणजे भा. रा. भागवत. १९१० ते २००१ असं दीर्घ आयुष्य त्यांना मिळालं आणि त्यातलं बहुतेक त्यांनी मुलांसाठी खर्च केलं. व्हर्नच्या बऱ्याच कादंबऱ्या त्यांनी मराठीत आणल्या. ‘चंद्रावर स्वारी’ हे त्याच तोफेचं पुस्तक. धूमकेतूवर बसून सूर्यमालेची फेरी मारणाऱ्या माणसांच्या कादंबरीला त्यांनी नाव दिलं ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’. हे नाव दोनदा म्हणून बघा. ‘धूमकेतू’ म्हटलं की अपशकुन आठवतो, नाहीतर परीक्षा आठवते. ‘शेंडेनक्षत्र’ म्हटलं की शेंडीवालं एक पोर आकाशातून पळताना दिसतं. शब्द काही त्यांनी घडवला नाही, जुन्या मराठीतलाच आहे. पण नेमका तोच उचलायचा आणि त्याच्यापुढं टपालाच्या पत्त्यासारखं ‘मुक्काम’ लावायचं! वाचणाऱ्या मुलाला वाटतं, तिथे पत्र टाकता येईल. उद्या एसटी धरून जाता येईल.

आणि त्यांच्याच गोष्टींमधला फुरसुंगीचा बनेश फेणे. सायकलवरचा काडीपैलवान, नवल वाटलं की ‘ट्टॉक’ करणारा. तो अंतराळात गेला नाही, पण वैज्ञानिकाचा पहिला गुण त्याच्याकडे आहे. मोठ्यांना जे दिसत नाही, ते त्याला दिसतं. चिखलातला टायरचा ठसा, जागचं हललेलं सामान, भलत्या वेळी लागलेला दिवा. आधी बघतो, मग बोलतो. त्याला कुणी मामा उत्तर सांगत नाही, आणि भागवत कुठेही थांबून ‘यावरून आपण काय शिकलो’ असं विचारत नाहीत. त्यांनी मुलांवर विश्वास टाकला होता. मुलांनी तो पन्नासहून जास्त वर्षं जपला.

माझी तिसऱ्यांकडे, म्हणजे प्रकाशकांकडे, मागणी यातूनच येते. व्हर्नच्या मराठी आवृत्त्या शाळेच्या मुलाला परवडतील अशा दरात, मोठ्या टाइपात, चांगल्या चित्रांसह दुकानात कायम असू द्या. आणि कृपा करून त्यातल्या चुका दुरुस्त करून छापू नका. तळटीप देऊन ‘आधुनिक विज्ञानानुसार हे शक्य नाही’ असंही सांगू नका. ते शोधायचं काम मुलाचं आहे. त्याच्या ताटातला घास काढून घेऊ नका.

व्हर्नला ‘भविष्यवेत्ता’ म्हणणारे संदेश फिरतात, त्यांनाही इथेच आवरायला हवं. तीन प्रवासी, फ्लोरिडातून उड्डाण, पॅसिफिक महासागरात उतरणं, सगळं कसं आधीच लिहून ठेवलं होतं म्हणे. तो पत्रिका बघत नव्हता. तो नकाशा उघडून, वेगाचे आकडे मांडून बसला होता. चंद्र डोक्यावर यावा म्हणून त्याला अठ्ठाविसाव्या अक्षांशाच्या खालची जागा हवी होती. ती अमेरिकेत फार थोडी आहे, म्हणून फ्लोरिडा आलं. आर्मस्ट्राँगनं चंद्रावरून परतताना यानातूनच जगाशी बोलताना व्हर्नच्या पुस्तकाची आठवण काढली, ती या मेहनतीची. भविष्य म्हटलं की हात जोडावे लागतात. हिशेब म्हटलं की पेन्सिल हातात घ्यावीशी वाटते. मुलांना कोणता व्हर्न द्यायचा, ते ठरवा.

मुलांच्या हातात पेन्सिल देणारे आपल्याकडे जयंत नारळीकरही होते. त्यांच्याबद्दल दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला १९७४ साली त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या टोपणनावानं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेऊन. जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ आपल्या नावाचं वजन बाजूला ठेवून गोष्ट म्हणून गोष्टीची परीक्षा देतो, ही मला त्यांची पहिली थोर गोष्ट वाटते. दुसरी अशी, की मुलं सह्या मागायला आली की ते सही देत नसत. म्हणत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा, उत्तर लिहीन, त्याखाली सही असेल. किती मुलांनी त्या सहीसाठी आयुष्यातला पहिला प्रश्न शोधला असेल! २०२५च्या मे महिन्यात ते गेले. पोस्टकार्डं अजून मिळतात. प्रश्न पाठवायचा कुणाला, एवढाच पत्ता हरवला आहे.

आता चौथे, शाळा.

विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, एका शाळेत गेले होते. ज्वालामुखी होते, ठिबक सिंचन होतं, थर्माकोलचं चांद्रयान होतं. चांद्रयान करणाऱ्या मुलींना विचारलं, हे चंद्रावर पोचायला किती दिवस लागले? १४ जुलै ते २३ ऑगस्ट, चाळीस दिवस, घडाघडा उत्तर आलं. अपोलोला चारच दिवस लागले होते, मग आपल्याला चाळीस का? मुली गप्प. त्यांच्या बाईंनी मला हळूच सांगितलं, “तक्त्यावर तेवढं नव्हतं.” मग आम्ही झोक्यावर बोललो. छोट्या पोराला झोका उंच न्यायचा, तर एकदम ढकलायचं बळ अंगात नसलं तरी चालतं. प्रत्येक फेरीत नेमक्या वेळी थोडा रेटा द्यायचा. आपलं रॉकेट अपोलोच्या रॉकेटच्या मानानं लहान. म्हणून यान पृथ्वीभोवती फिरत ठेवलं, दर वेळी पृथ्वीजवळ आलं की इंजिन थोडा वेळ पेटवलं, आणि कक्षेचं लांबचं टोक आणखी लांब नेलं, चंद्रापर्यंत. मुलींचे डोळे लकाकले. तोफ नको, झोका पुरतो.

मग मी विचारलं, तोफेची गोष्ट ऐकायचीय का? पुस्तक शाळेत असेलच.

पुस्तक होतं. कपाटात होतं. कपाटाला कुलूप होतं. किल्ली कुणाकडे, यावर दहा मिनिटं गेली. मुलं पुस्तकं फाडतात, असं कारण मिळालं. फाडू देत. वाचून वाचून फाटलेल्या पुस्तकासारखी शाळेची दुसरी शोभा नाही. कपाटात कोरी राहून वाळवीनं खाल्लेली पुस्तकं कुणाच्या कामाची? अखेर शिपाईमामांना किल्ली सापडली. पुस्तकाच्या मागच्या चिठ्ठीवर एकही तारीख नव्हती.

सहावीच्या वर्गात बसून गोष्ट सांगितली. गोळा सुटला. दणक्यानं दोनपैकी एक कुत्रा जखमी झाला आणि मेला. प्रवाशांनी त्याला खिडकीतून बाहेर टाकलं. थोड्या वेळानं बाहेर बघतात तर कुत्रा गोळ्याच्या बरोबरीनं चाललाय, मागे पडतच नाही.

“असं का?” मी विचारलं.

मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, “बाई, एसटीत चेंडू वर टाकला तरी तो आपल्याच हातात येतो. त्याला एसटीचाच वेग असतो.”

शाबास. व्हर्नही तेच म्हणतो. एवढ्यात दुसऱ्यानं हात वर केला. “पण मग आतली माणसं जमिनीवर उभी कशी? कुत्रा बाहेर तरंगतोय, तर ती पण तरंगायला पाहिजेत ना?” ही व्हर्नची खरोखरची चूक आहे. त्याचे प्रवासी पृथ्वी आणि चंद्र यांच्यामधल्या एका ठरावीक ठिकाणीच तरंगतात. प्रत्यक्षात तोफेतून सुटल्यापासूनच तरंगायला हवेत. एकाच पुस्तकात कुत्रा बरोबर आणि माणसं चूक. सहावीतल्या पोरानं ते पाच मिनिटांत पकडलं. मी त्याला सांगितलं, तू दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाची चूक काढलीस. तो लाजला आणि शेजाऱ्याला कोपर मारलं.

खिडकीजवळची एक मुलगी इतका वेळ काहीच बोलली नव्हती. गोळा चंद्राला वळसा घालून परत आला, समुद्रात पडला, तिघं वाचले, गोष्ट संपली, टाळ्या झाल्या. तेव्हा ती उभी राहिली.

“बाई, मग कुत्रा पण समुद्रातच पडला असेल ना?”

मी म्हटलं, बरोबरीनं येत असेल तर पडायला हवा.

“नाही,” एसटीवाला मुलगा म्हणाला, “तो हवेत शिरल्यावर जळून जाईल. उल्का जळते तसा.”

ती दोन क्षण गप्प राहिली. मग तिनं विचारलं, “मग गोळा का नाही जळला?”